पंखावरची राखाडी रेघ

अड्याळच्या बाजाराचा दिवस होता आणि पाऊस सकाळपासून थांबून थांबून पडत होता. बाबा माल आणायला भंडाऱ्याला गेले होते. आमच्या कृषी केंद्रात मी एकटीच.

तो आत आला तेव्हा त्याच्या एका हातात मिटलेली छत्री होती आणि दुसरा हात शर्टाच्या आत. पार भिजलेला. मला वाटलं, हात मोडला की काय... पण त्यानं शर्टातून एक स्टीलचा डबा काढला आणि अगदी अलगद काउंटरवर ठेवला. डबा कोरडा होता.

"छत्री असून भिजलात?" मी विचारलं.

"छत्री उघडली असती तर डबा हलला असता."

"जेवण सांडलं असतं?"

"जेवण नाही," तो म्हणाला. "जेवणारा आहे."

त्यानं झाकण काढलं. आत धानाचं एक पान होतं, लांबीनं दुमडून पुंगळीसारखं केलेलं, आणि पुंगळीच्या कडा पांढऱ्या रेशमानं टाचलेल्या.

"एकरी किती आहे? कोणतं औषध पाहिजे?" दुकानात बसणाऱ्या माणसाची जीभ अशीच चालते.

"औषध नको. कोण आहे हे, तेवढं सांगा."

मी वर पाहिलं. कृषीची पदवी घेऊन मी दुकानात बसायला लागले तेव्हापासून लोक एकच विचारत आले होते – काय मारू? कोण आहे, हे कोणी विचारलं नव्हतं. त्याच्या पापण्यांवर अजून पावसाचे थेंब होते आणि ते पुसायचं त्याच्या लक्षातही नव्हतं.

"पानं गुंडाळणारी अळी," मी म्हणाले.

"पाहून तरी घ्या."

जरा रागच आला. पण नखानं रेशमाचा टाका उसवला, आणि राग गेला. आत करंगळीएवढी अळी होती. धानासारखीच हिरवीगार, डोक्याच्या दोन्ही बाजूंना तांबूस रेघ. कोणीतरी कौतुकानं ओढावी तशी. पानं गुंडाळणारी अळी इवलीशी असते, पिवळसर. हात लावला की वळवळते आणि पानाचा हिरवा भाग खरवडून पांढरे पट्टे पाडते. हिनं मात्र पान कडेनं कुरतडत शिरेपर्यंत नेलं होतं.

"चुकली मी," मी म्हणाले. "ही ती नाही."

तो हसला नाही. मला ते आवडलं.

"मोबाइल म्हणते राइस स्विफ्ट आहे," तो म्हणाला. "स्किपर फुलपाखरू. आपल्याकडं या कुळाले चपळ म्हणतात ना?"

"स्किपर तर आहेच. पण धानावर यांच्या दोन-तीन जाती येतात, आणि अळ्या सगळ्या सख्ख्या बहिणींसारख्या. फुलपाखरू निघाल्याशिवाय मी नाव नाही सांगणार."

"मंग त्याले वेळ लागन."

"तिले घाई नाही. तुम्हाले आहे का?"

"मले आहे... उद्या चिखल्याले ड्यूटी आहे माझी."

मग कळलं. धम्मदीप रामटेके त्याचं नाव. चिखल्याच्या मँगनीज खाणीत सर्व्हेअर, म्हणजे दिवसाचा बहुतेक वेळ जमिनीच्या खाली. त्यांचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं होतं. आता घर पुनर्वसनाच्या गावात, आणि धानाची बांधी, म्हणजे शेत, अड्याळच्या रस्त्याला, नवी घेतलेली. त्याचे वडील मंगरूजी त्या बांधीला इतके जपत की एक पान गुंडाळलेलं दिसलं तरी त्यांना जेवण जात नसे. फवारणीचा पंप त्यांनी धुऊनसुद्धा ठेवला होता.

"मी म्हटलं, पहिले विचारून येतो," धम्मदीप म्हणाला. "नुसतं भेवानं कायले मारायचं?"

"पुंगळ्या किती आहेत बांधीत?"

"हिंडलो तर सापडतात. हिंडलो नाही तर दिसत नाहीत."

"मंग नका मारू. बाबांना सांगा, रोज बांधीत उतरून पाहत जा. वाढल्या तर मले सांगा."

त्यानं मान डोलावली. पण निघाला नाही. डब्याकडे पाहत राहिला.

"खाणीत अळी नाही पाळता येत..." तो म्हणाला. "तुम्ही ठेवाल?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं.

*

लोणच्याच्या काचेच्या बरणीला आईची साडी फाडून मलमलीचं झाकण केलं आणि बरणी बियाण्याच्या पाकिटांशेजारी ठेवली. रोज सकाळी धानाचं ताजं पान. अळीनं पहिल्याच दिवशी नवी पुंगळी शिवली, आणि मी तिचा फोटो धम्मदीपला पाठवला.

उत्तर दुपारनंतर आलं. खाली खाणीत फोन चालत नाही.

*घर बांधलं वाटते. आमच्या बाबांपेक्षा लवकर.*

दुसऱ्या दिवशी मी कळवलं की तुमची पाहुणी फार टापटीप आहे. शी घरात ठेवत नाही. शेपटीकडून असा झटका देते की गोळी बरणीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन काचेवर आपटते. टिक्... गिऱ्हाईक दचकून मागे पाहतं.

*काहून करते असं?* त्यानं विचारलं.

*शीच्या वासावरून गांधीलमाश्या अळी शोधतात. वास दूर, तर धोका दूर.*

*हुशार आहे.*

*अळी?*

मध्ये दोन गिऱ्हाइकं झाली. मग: *अळीपण.*

मी फोन ड्रॉवरमध्ये टाकला आणि एका शेतकऱ्याला युरियाऐवजी चुकून झिंक दाखवलं.

असे दिवस जाऊ लागले. तो खाणीतून वर आला की पहिल्यांदा फोटो पाहायचा, आणि रविवारी बांधी पाहायला आला की दुकानातही डोकवायचा. एकदा मी विचारलं, खाणीतल्या माणसाला फुलपाखरांचं वेड कसं? तो म्हणाला, खाली सगळं एका रंगाचं असतं. टोपीवरचा दिवा जिथं पडेल तेवढंच जग. वर आलं की आधी डोळे दिपतात, आणि त्या दिपलेल्या डोळ्यांना जे पहिल्यांदा हलताना दिसतं ते बहुतेक वेळा एखादं फुलपाखरू असतं. नाव माहीत नसलेल्या माणसानं रोज ओळख द्यावी आणि आपण विचारू नये, हे बरं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं लिहिलं, *आजच्या फोटोत तुमची बोटं आली आहेत.*

*कापून टाकू का फोटोतून?*

*नका.*

एवढंच. *नका.* मी ते दोन अक्षरांचं उत्तर कितीदा उघडून पाहिलं ते सांगायची सोय नाही.

*

त्या दिवसांत मी एक गोष्ट केली होती, ती बाबांना उशिरा कळली. मंगरूजींच्या शेजारचे शेतकरी तसल्याच पुंगळ्या घेऊन आले, तेव्हा त्यांनाही मी फवारू नका म्हणून सांगितलं होतं.

बाबांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, मग बोलले. माझे बाबा लक्ष्मणराव धकाते, आवाज चढवणारे नव्हेत.

"रंजू, तू बरोबर असशील. पण नसली तर? त्या मंगरूचं गाव एकदा पाण्यात गेलं आहे. आता धान गेलं, तर त्याले कोण सांगन की आमच्या पोरीचा अंदाज चुकला?"

मी उरलेलं शटर ओढून घेतलं. त्यातच रविवारी सकाळी धम्मदीपचा फोन आला. आवाज नेहमीसारखा नव्हता.

"पुंगळ्या वाढल्या रंजिताजी. बाबा पंप भरून बसले आहेत. तुम्ही या म्हणजे भरवसा येईल... त्याइले. मलेही."

मी स्कूटीवर गेले. बांधावर मंगरूजी उभे होते, पाठीवर पंप. मला पाहून त्यांनी पंप काढला नाही, फक्त म्हणाले, "पाय जपून टाक बाई, बांध ओला आहे."

चप्पल काढून मी बांधीत उतरले. पाणी कोमट होतं, चिखल बोटांतून वर येत होता. खरंच वाढल्या होत्या पुंगळ्या. धानाच्या शेंड्याशेंड्यांत दिसत होत्या. बाबांचं वाक्य कानात होतं. मी एक पुंगळी उघडली: अळी, धष्टपुष्ट. दुसरी उघडली: अळी. धम्मदीप माझ्या मागून येत होता. मी एखादी उघडली की तो श्वास धरायचा, ते मला ऐकू येत होतं.

मग एक पुंगळी उघडली, आणि त्यात अळी मरगळून पडली होती. तिच्या अंगाला लागून तांदळाच्या कणीपेक्षा बारीक असे पांढरे कोष चिकटलेले. गुच्छच्या गुच्छ.

"हे काय आहे?" धम्मदीप वाकला. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला, आणि दोघांनीही तो हलवला नाही.

"गांधीलमाशी," मी म्हणाले. "एकदम बारीक जात. अळीच्या अंगात अंडी घालते. आतून पिल्लं अळीले खातात आणि बाहेर येऊन हे कोष विणतात. शी कितीही दूर फेकली तरी काही अळ्या तिले सापडतातच."

पुढची पुंगळी तशीच. त्याच्या पुढची रिकामी. मग पुन्हा पांढरे कोष... मला हसू यायला लागलं, आणि डोळ्यांत पाणीही.

"मंगरूजी," मी हाक मारली, "तुमच्या बांधीत मजूर लागले आहेत. औषध मारलं तर पहिले हे मरतील."

मंगरूजी पंपासकट चिखलात उतरले. एक पान हातात घेऊन त्यांनी डोळ्यांजवळ नेलं आणि खूप वेळ पाहिलं. मग बांधावर जाऊन पंप उतरवला आणि त्यातलं बिनऔषधाचं पाणी ओतून दिलं. "मी औषध टाकलंच नव्हतं अजून," ते ओशाळून म्हणाले. "तू येते म्हटलं म्हणून थांबलो."

परतताना एक तपकिरी फुलपाखरू आमच्या पुढ्यातून असं उसळत गेलं, की पाहावं तोवर दुसऱ्या पानावर. बसलं तेव्हा पुढचे पंख उभे, मागचे आडवे, उडायच्या तयारीतल्या विमानासारखे.

"मुक्कामाले आलं की निघायले?" धम्मदीपनं विचारलं.

"याचं काही कळत नाही."

"माणसाचं कळते?"

मी पाय धुण्यात फार गुंग असल्याचं दाखवलं.

*

बरणीतली अळी पानाला रेशमाची दोरी बांधून कोष झाली होती. हिरवा, टोकदार, गप्प. धम्मदीपनं शिफ्ट बदलून घेतली होती. फुलपाखरू निघेल तेव्हा त्याला समोर असायचं होतं. पण ते काही त्याच्या बसचं वेळापत्रक पाहून निघालं नाही.

मी सकाळी दुकान उघडलं तर बरणीत पंख सुकत होते. त्याला फोन लावला, लागला नाही; तो वाटेत होता. ठेवावं, तासाभराचा तर प्रश्न... असं म्हणेपर्यंत फुलपाखरानं पंख आपटायला सुरुवात केली. काचेवर तपकिरी पूड उमटू लागली. मला ते पाहवेना. घाईघाईनं फोटो काढले, बरणी मागच्या अंगणात नेली आणि मलमल काढली. क्षणभर ते काठावर बसलं. मग नव्हतंच.

धम्मदीप आला तेव्हा मी रिकामी बरणी समोर ठेवून बसले होते.

"सोडून दिलं मी," म्हणाले. "तुमच्यासाठी थांबवायचं होतं. पण पंख आपटत होतं..."

"बरं केलं." तो स्टुलावर बसला. थकलेला होता आणि खरंच रागावलेला नव्हता. "मंग? राइस स्विफ्टच होता ना?"

"मोबाइल हरला तुमचा." मी फोटो मोठा करून दाखवला. "हे पांढरे ठिपके अर्धगोलात. हे दोघांनाही असतात. आणि त्याच्या खाली ही तिरपी राखाडी रेघ पाहा. राइस स्विफ्टला ही नसते. हा स्मॉल ब्रँडेड स्विफ्ट. आणि नर आहे."

"नर कशावरून?"

"रेघ नरालाच असते. मादीला नाही."

"कायले असते पण?"

आता सांगणं भाग होतं. मी बियाण्याची पाकिटं उगाच सरळ करायला लागले. "त्या रेघेत... वासाचे खवले असतात. मादीजवळ घिरट्या घालताना तिथून गंध सुटते. तिले त्याच्यावरून कळते."

"काय कळते?"

"की... याच्या मनात काय आहे."

बाहेर पाऊस पत्र्यावर हलकेच वाजत होता. दुकानात युरियाचा आणि ओल्या पोत्यांचा वास होता, दुसरा कुठलाच नव्हता.

"बरं आहे त्याचं," धम्मदीप म्हणाला. "आम्हाले अशी रेघ नाही."

"म्हणून तर माणसाले तोंड दिलं आहे."

तो थोडा वेळ आपल्या तळहातांकडे पाहत राहिला. मँगनीजची काळी किनार त्याच्या नखांतून कधीच पुरती जात नसे. मग म्हणाला, "रंजिता, मी दर रविवारी बांधी पाहायले नाही येत. बांधी दुकानाच्या वाटेवर आहे, म्हणून बांधी पाहतो."

माझ्या हातातलं पाकीट खाली पडलं. त्यानं उचललं. दिलं मात्र नाही.

"परतीची बस कधी आहे तुझी?" मी विचारलं.

त्या 'तुझी'वरच तो अडकला होता. आणि मग पहिल्यांदाच मी त्याला पूर्ण हसताना पाहिलं.

*

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर किती सोपं होतं. पण पावसाळा सरता सरता, भुलाबाईच्या सणात, उमरेडचं स्थळ आलं. आमच्यातलंच, कोष्टी, ओळखीतलं. मुलगा बँकेत. माझी आई शोभाताई दोन दिवस गाणी गुणगुणत होती. तिसऱ्या दिवशी जेवताना मी सांगून टाकलं.

"मले धम्मदीपशी लग्न करायचं आहे. रामटेके. मंगरूजींचा मुलगा."

आईचा हात परातीत थांबला. बाबांनी शेवटचा घास संपवला, हात धुतला आणि बाहेर जाऊन बसले. रागावले असते तर मी भांडले असते. ते गप्प झाले. पुढे कितीतरी दिवस माझ्याशी फक्त बियाण्याचं आणि खताचं बोलत राहिले.

धम्मदीप स्वतः आला. मी नको म्हटलं होतं. तो बाबांसमोर उभा राहिला, बस म्हटल्यावर बसला.

"तुम्ही खाणीत उतरता," बाबा म्हणाले. "माझ्या पोरीनं रोज वर येण्याची वाट पाहायची?"

"हो काका. तेवढं पाहावं लागन. मी लपवत नाही."

"आणि लोक? आमचे, तुमचे?"

"लोकाइचं मी नाही सांगू शकत. माझं सांगू शकतो."

"चहा घ्या," बाबा म्हणाले आणि उठून आत गेले. त्याचा अर्थ हो की नाही ते आईलासुद्धा कळलं नाही.

धान निसवलं आणि पिकून कापणीला आलं. एका दुपारी मंगरूजी दुकानात आले, हातात लोंब्यांची पेंडी, आणि दुकानात बसलेल्या सगळ्यांसमोर म्हणाले, "लक्ष्मणराव, तुमच्या पोरीनं थांब म्हटलं, म्हणून माझं धान पाहण्यासारखं झालं आहे. एकदा येऊन पाहा." लग्नाचं एक अक्षर काढलं नाही. पेंडी ठेवली, गेले.

बाबांनी ती पेंडी संध्याकाळपर्यंत जागची हलवली नाही. जाता-येता तिच्याकडे पाहत मात्र होते. मला आजोबा आठवले, बाबांनी घरचा हातमाग सोडून दुकान काढलं तेव्हा वर्षभर अबोला धरणारे. बाबांनाही ते आठवत असावेत.

दुकानाच्या पुढच्या सुटीच्या दिवशी ते कुणाला न सांगता मोटरसायकल काढून गेले. दुपारी फोन आला.

"रंजू, आईले सांग माझं नको मांडू. मी इथं मंगरूजीकडं जेवून येतो."

मी फोन धरून तशीच उभी राहिले. मग धम्मदीपला लावला. तो नुकताच वर आला होता, मागून खाणीच्या गाड्यांचा आवाज येत होता.

"बाबा तुमच्या घरी जेवून राहिले," मी म्हणाले.

पलीकडे त्याची टोपी दणकन खाली पडल्याचा आवाज आला.

"काय झालं?"

"काही नाही..." त्याचा आवाज ओला होता. "आमची आई घाबरली असन. ती घाबरली की वरणात मीठ टाकायले विसरते."

मी हसले. हसता हसता रडलेही असेन. तो फोन ठेवेना, मीही ठेवेना.

बाबा दिवेलागणीला आले. गाडी लावली, पाय धुतले, झोपाळ्यावर बसले. आई पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहिली. तिला विचारायचं होतं ते सगळं तिच्या तोंडावर होतं, पण विचारलं तिनं भलतंच.

"जेवण कसं होतं?"

"भात चांगला होता. नव्या धानाचा." बाबांनी पाणी पिऊन पेला परत दिला. "वरण अळणी होतं."

"मंग मीठ मागून घ्यायचं ना."

"काहीतरीच बोलते," बाबा माझ्याकडे न पाहता म्हणाले. "व्याह्याच्या घरी पहिल्याच दिवशी मीठ मागते का कोणी?"